डेंटरला फोन करण्याआधी: जुन्या गाडीवर कारखान्यातून काय आलं होतं, ते कसं ओळखायचं

घरातली जुनी फियाट 'आता एकदाची करून टाकू' असं ठरलं की पहिला फोन डेंटरला, म्हणजे गाडीचा पत्रा ठोकून सरळ करणाऱ्याला जातो. तो येतो, मडगार्डवर टिचकी मारतो, 'सगळं उतरवून नवीन करून देतो' म्हणतो. मग मीटर, पट्ट्या, क्लिपा, वायरिंग, दाराचे पॅड असं गाडीची साक्ष देणारं सामान पोत्यात जातं आणि ते पोतं नेमकं कुठे गेलं, हे नंतर कोणालाच आठवत नाही. त्यामुळे मूळ सामान ओळखायचं काम पहिला नट सैल करण्याच्या आधी व्हायला हवं. त्याला खर्च जवळजवळ नाही. वेळ मात्र लागतो, आणि थोडा संशयी स्वभाव लागतो. त्या स्वभावाची पुण्यात टंचाई नाही.

आज गाडीवर जे दिसतं त्याचे तीन वाटे पडतात. काही वस्तू कारखान्यातून आलेल्या असतात, काही गाडीचा ताबा देताना डीलरने लावलेल्या आणि बाकीच्या पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत मालकांनी, मेकॅनिकांनी, टेपवाल्यांनी चढवलेल्या. प्रत्येक वस्तू यातल्या कुठल्या वाट्याची, ते ठरवायचं. उदाहरणं मी मुख्यतः फियाट-पद्मिनीची देतो, कारण पुण्याच्या वाड्यांमध्ये आणि सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली बहुतेक वेळा तीच निघते. ॲम्बेसेडर आणि स्टँडर्ड हेराल्ड या गाड्या जिथे वेगळ्या पडतात तिथे तसं सांगतो.

आधी गाडी नक्की कोणती?

'फियाट' एवढं उत्तर पुरत नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९५४ पासून फियाट ११०० बनवायला घेतली. पुढची दारं मागच्या बाजूला बिजागरी असलेली ती 'डुक्कर फियाट'. त्याच बॉडीत पुढे एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट आल्या. १९६४ मध्ये वेगळ्या बॉडीची ११०० डी, म्हणजे डिलाइट आली. सत्तरच्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात फियाट हे नाव गेलं, आधी प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झालं. बाहेरून डिलाइट आणि पद्मिनी सख्ख्या बहिणी, त्यामुळे एकीचे अवयव दुसरीला बसतात आणि बसवलेही जातात. डिलाइटवर पुढच्या काळातली ग्रिल, मागचे दिवे किंवा बंपर दिसले तर आश्चर्य मानू नका. ॲम्बेसेडरचंही तसंच. मार्क टू साठच्या दशकाच्या सुरुवातीची, मार्क थ्री १९७५ ची, मार्क फोर १९७९ ची. पण अपघातानंतर जे तोंड बाजारात मिळालं ते लागलं.

इथे एक सापळा आहे. इंटरनेटवर ११०० डीची म्हणून जी पुस्तकं सापडतात ती बहुधा इटलीतल्या गाडीची असतात. इटलीतल्या ११०० डीला १२२१ सीसीचं इंजिन होतं. आपल्याकडे शेवटपर्यंत १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन राहिलं, ६८ मिलिमीटर बोअर आणि ७५ मिलिमीटर स्ट्रोकचं. म्हणजे नाव तेच आणि इंजिन वेगळं. तिथले ट्यूनिंगचे आकडे, तिथला कार्ब्युरेटर, तिथली गादीची कापडं इथे पुरावा म्हणून चालत नाहीत. प्रीमियरचंच मालकासाठीचं पुस्तक आणि त्याहून महत्त्वाचं, पार्ट कॅटलॉग मिळवा. पार्ट कॅटलॉगमध्ये 'अमुक चासी नंबरपर्यंत हा भाग, त्यापुढे तो' अशा नोंदी असतील तर तुमच्या गाडीवर काय असायला हवं याचा त्याहून नेमका कागद नाही.

कागद

आरसी बुक नीट वाचा. कंपनी आणि मॉडेल, बनवल्याचं साल, रंग, इंधन, चासी नंबर, इंजिन नंबर हे सगळं वहीत उतरवा. आरसी जीर्ण असेल, दुय्यम प्रत असेल किंवा मालकी बऱ्याचदा बदलली असेल तर संगम पुलाजवळच्या आरटीओतून बी एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे नोंदणीच्या दप्तरातला उतारा काढा. रंग किंवा इंजिन रीतसर बदललं असेल तर त्याची नोंद असायला हवी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे असे बदल नोंदवावे लागतात. रीतसर केलं असेल तर, हे महत्त्वाचं.

मग बॉनेट उघडा आणि दोन्ही नंबरांचे छाप घ्या. आरटीओत आणि विम्याच्या पाहणीत घेतात तसेच: आधी जागा कापडाने पुसायची, खरवडायची नाही, वर पातळ कागद किंवा सेलोटेप ठेवून मऊ शिसपेन्सिल फिरवायची. डोळ्यांना न दिसणारं छापात दिसतं. आकड्यांची खोली सारखी आहे का, ओळ सरळ आहे का, एखादा आकडा वेगळ्या वळणाचा आहे का, खाली ग्राइंडरचे ओरखडे आहेत का? चासी नंबर असलेल्या पत्र्याच्या प्लेटचे रिव्हेट पाहा. आजूबाजूला जुना रंग आणि रिव्हेट मात्र चकचकीत, असं असेल तर ती प्लेट कधीतरी निघाली आहे. चासी नंबर आरसीशी जुळत नसेल तर रिस्टोरेशन तिथेच थांबवा. आधी तो प्रश्न कायद्याने मिटवा, मग रंगाच्या गप्पा.

इंजिन नंबर न जुळणं त्या मानाने नेहमीचं. पद्मिनीत पुढे प्रीमियरच्याच ११८ एनई गाडीचं ११७१ सीसीचं निसान घराण्याचं इंजिन किंवा एखादं डिझेल इंजिन घातलेलं दिसतं. पण डिझेल दिसलं म्हणून लगेच 'नंतरचं' लिहू नका, नव्वदच्या दशकात कारखान्यानेच डिझेल पद्मिनी काढली होती. आरसीतला इंधनाचा रकाना आणि गाडीचं साल एकत्र पाहून ठरवा.

घरात मूळ बिल असेल तर नशीब. लोकांनी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिलेल्या गाड्या या, त्यामुळे बिल पुष्कळदा घराच्या कागदांबरोबर जपलेलं सापडतं. रेडिओ, सीट कव्हर, मॅट, कॅरिअर, जादा दिवे यांच्या किमती बिलात वेगळ्या लावलेल्या असतील तर तो दुसरा वाटा, डीलरचा. रेडिओबाबत विशेषतः सावध राहा. डॅशबोर्डवर रेडिओची जागा आहे म्हणजे कारखान्यातून रेडिओ आला होता असं होत नाही; जागा झाकणारी पट्टी लावूनही गाड्या येत.

दसऱ्याचे फोटो

आपल्याकडे एक पुरावा फुकट तयार होत आला आहे आणि त्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. दर दसऱ्याला गाडीची पूजा होते, झेंडूचा हार चढतो आणि घरातली मंडळी गाडीपाशी उभी राहून फोटो काढतात. जागा तीच, कोन जवळजवळ तोच, फक्त वर्ष पुढचं. हे फोटो काकांकडून, आत्याकडून, लग्न होऊन नाशिकला गेलेल्या बहिणीकडून गोळा करा आणि ओळीने लावा. कोणत्या वर्षी बंपरवरचे उभे खुंट गेले, कधी आरसा दारावर आला, कधी व्हीलकप बदलले, हे पानं उलटावीत तसं दिसतं. ताबा घेतल्या दिवशी सारसबागेच्या गणपतीसमोर काढलेला फोटो असेल तर तो सगळ्यांत मोलाचा, कारण तिथे तिसरा वाटा अजून सुरूच झालेला नाही. काळ्या-पांढऱ्या फोटोत रंग कळत नाही, पण छत आणि बॉडी एका रंगाची की दोन, चाकांची रिम बॉडीपेक्षा गडद की फिकी, क्रोमची पट्टी कुठून कुठपर्यंत जाते, हे स्पष्ट कळतं.

फोटो मोबाइलवर मागवू नका, मूळ प्रत पाहा. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत बारीक अक्षरं आणि बिल्ले मरतात. फोटोच्या मागे तारीख किंवा स्टुडिओचा शिक्का असेल तर त्याचाही फोटो घ्या.

घरातल्या मोठ्यांना विचारताना प्रश्न नीट हवेत. 'आजोबा, गाडी कशी होती हो?' असं विचारलं तर महाबळेश्वरच्या घाटातली गोष्ट ऐकायला मिळेल. ती ऐका, पण मग विचारा: हेडलाइटचा डिपर हाताने होता की पायाने? वायपरचं बटण कुठे होतं? रात्री मीटरचा उजेड कोणत्या रंगाचा पडायचा? मागच्या सीटला मधला हात होता का? गाडी रोज हाताळणाऱ्या माणसाचे हातपाय अशा गोष्टी डोळ्यांपेक्षा जास्त लक्षात ठेवतात.

जुन्या वर्तमानपत्रांतल्या जाहिरातीही पाहाव्यात, पण त्या बेताने मानाव्यात. चित्रकाराने काढलेल्या किंवा हात फिरवलेल्या चित्रात गाडी लांब होते आणि क्रोम वाढतं.

आता गाडी: धुवू नका

पहिलं काम फोटो. गाडी आहे तशी, धुळीसकट. चारी बाजू, चारी कोपरे, खालून, डिकी, इंजिन, डॅशबोर्डच्या खालून वर बघत, प्रत्येक दार उघडून बिजागरीपाशी. छोट्या भागाशेजारी पट्टी ठेवा. प्रेशरने पाणी मारलं की कारखान्यात खडूने मारलेल्या खुणा, कागदी लेबलं, रंगाचे ठिपके निघून जातात, आणि ते परत आणता येत नाहीत. धूळ मऊ ब्रशने काढा. ब्रेक ड्रमच्या आतली काळी भुकटी मात्र ब्रशने किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ती ओली करून पुसायची.

पुणेकर गाडीचं एक वेगळं. इथली हवा मुंबईपेक्षा कोरडी, म्हणून मूळ पत्रा जास्त टिकलेला सापडतो. पण १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराआधी नदीकाठच्या पेठांत असलेली गाडी असेल, किंवा सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याच्या पाण्यात उभी राहिलेली, तर दाराच्या पोकळीत आणि सीटखालच्या खाचांत वाळलेला गाळ शोधा. गाळ असेल तर त्या पातळीखालचं वायरिंग, पॅड आणि गादी नंतर बदललेली असण्याचा संभव मोठा.

रंग

रंगाचा पुरावा उन्हात नसतो, झाकलेल्या जागी असतो. डिकीतल्या मॅटखाली, दाराच्या पॅडमागे, डॅशबोर्डमधल्या ग्लव्ह बॉक्सच्या पाठीमागे, मागच्या दिव्याच्या रबराखाली, काचेच्या बीडिंगच्या आत. यातल्या निदान तीन जागा एकमेकींशी जुळल्या पाहिजेत.

मग थर मोजा. सहज न दिसणाऱ्या जागी रुपयाएवढा भाग ओल्या वॉटर पेपरने घासायचा: आधी चारशे नंबर, पत्रा दिसेपर्यंत, मग आठशेने कडा पसरवायच्या, शेवटी बाराशे. झाडाच्या बुंध्यासारखी वलयं उमटतात. मधे पत्रा, त्याभोवती प्रायमर, मग पहिला रंग, मग पुढचे. पत्र्याच्या सर्वांत जवळचा रंग मूळ असं सहसा मानतात, पण प्रायमरलाच रंग समजण्याची चूक सर्रास होते. प्रायमर मळकट, चमक नसलेला आणि भुसभुशीत घासला जातो. रंग कडक घासला जातो. मधे लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, पिवळट किंवा राखाडी जाड थर आला तर तिथे ठोकठाक झाली आहे, ती जागा सोडून दुसरीकडे बघा. हे काम कोरडं करू नका आणि मास्क लावा, जुन्या रंगात शिसं असू शकतं.

हीच वलयं चारही मडगार्ड, चारही दारं आणि बॉनेटवर पाहिली तर आणखी एक गोष्ट हाती लागते. सगळीकडे चार थर आणि डाव्या पुढच्या मडगार्डवर दोनच, तर ते मडगार्ड बदललेलं. रंगाचा नमुना मिळवायला पेंटरला झाकलेल्या जागेतला तुकडाच दाखवा. बॉनेटवरचा रंग उन्हाने उतरलेला असतो आणि संगणकावर जुळवलं तरी उतरलेलाच जुळतो.

बोल्ट, वायर, तारखा

माझ्या मते गाडीतला सर्वांत प्रामाणिक साक्षीदार म्हणजे बोल्ट, कारण तो बदलताना कोणी विचार करत नाही. फियाट मिलिमीटरची गाडी. ॲम्बेसेडर आणि हेराल्ड ब्रिटिश वंशाच्या, त्यांचे बहुतेक नटबोल्ट इंची. फियाटवर एखाद्या बोल्टला अर्धा इंची पाना चपखल बसला किंवा ॲम्बेसेडरवर तेरा मिलिमीटरचा बसला, की तो भाग कधीतरी उघडला गेला आणि मेकॅनिकच्या डब्यातला बोल्ट लागला. तसंच सपाट खाचेच्या स्क्रूंच्या रांगेत एक चौफुलीचा स्क्रू. डोक्याच्या कडा गोल झालेला बोल्टही हेच सांगतो. उलट, ज्याच्या खाचेत कारखान्याचा रंग अजून अखंड भरलेला आहे असा स्क्रू दिसला तर त्याने धरलेला भाग पहिल्या दिवसापासून तिथेच आहे. अशा स्क्रूंचे जवळून फोटो घ्या, याहून पक्का पुरावा मिळत नाही.

विजेच्या सामानावर बनवल्याची खूण असते. लुकास या विजेचं सामान बनवणाऱ्या कंपनीच्या डायनॅमो, स्टार्टर, डिस्ट्रिब्युटरच्या अंगावर मॉडेल आणि भाग नंबराशेजारी आठवडा-वर्ष किंवा महिना-वर्ष ठोकलेलं सापडतं. भागाची तारीख गाडीच्या आधीची आणि जवळची असेल तर तो मूळ असू शकतो. गाडीनंतरची असेल तर प्रश्नच मिटला. डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आलेला असेल तर फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) जुन्या कटआउटची, म्हणजे डायनॅमोचं चार्जिंग सांभाळणाऱ्या डबीची, रिकामी भोकं आणि धुळीत उरलेला त्याचा चौकोन शोधा.

वायरिंगमध्ये ब्रिटिश वंशाच्या गाड्यांना लुकासचे रंग आहेत: तपकिरी बॅटरीचा, पांढरा इग्निशनचा, हिरवा फ्यूजमधून जाणारा, निळा हेडलाइटचा, लाल छोट्या दिव्यांचा, काळा अर्थिंगचा. या शिस्तीत मधेच पिवळ्या घरगुती वायरचा तुकडा चिकटपट्टीने जोडलेला असतो, तो कोणाचा हे सांगायला नको. अशा जुन्या गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असू शकतो, तोही मूळचाच. 'उलटं लागलंय' म्हणून सरळ करायच्या आधी थांबा.

भोकांकडे बघा. कारखान्यातलं भोक प्रेसने पाडलेलं असतं: कडा स्वच्छ, आतपर्यंत रंग, दोन्ही बाजूंची अंतरं सारखी. ड्रिलने पाडलेल्याला खडबडीत कड, आत उघडा पत्रा, गंज. डॅशबोर्ड, मडगार्ड, दारं आणि डिकीचं झाकण या जागा तपासल्या की अँटेना, आरसे, फॉग लॅम्प, जादा स्विच यांचा इतिहास उलगडतो.

काचांच्या कोपऱ्यात कंपनीची कोरीव खूण असते. सगळ्यांवर एकच खूण आणि एकाच काचेवर वेगळी, तर ती बदललेली. गादीचं कव्हर फाडू नका. सीट उलटी करून खालच्या बाजूने, जिथे रेक्झिन क्लिपांनी ताणलेलं असतं तिथून थर उचला. कुशनवाल्याने बहुधा जुन्यावरच नवं चढवलेलं असतं, त्यामुळे मूळ रेक्झिनचा रंग, घड्यांची रुंदी आणि शिलाई आत जपलेली मिळते. टाचणीने भोसकून बघू नका, रेक्झिनचा हातभर नमुना पुढे नकलेसाठी लागणार आहे.

टायर, बॅटरी, पट्टे, होज हे झिजणारं सामान. त्यांच्या मागे लागू नका, पद्मिनीला ५.२० बाय १४ चा टायर आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक होते, एवढी नोंद पुरे. पुढे डिस्क किंवा ब्रेकला बूस्टर दिसला तर तो तिसऱ्या वाट्यात.

दुसऱ्या गाडीशी ताडून बघणं

त्याच वर्षाची, शक्यतो जवळच्या चासी नंबरची, आणि न केलेली गाडी शोधा. रिस्टोअर केलेली गाडी, मग तिला रॅलीत कितीही बक्षिसं मिळालेली असोत, पुरावा म्हणून धरू नका. तिच्या मालकाने दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीवरून उतरवलेलं असतं. 'सगळ्या डिलाइटना हेच होतं' म्हणणाऱ्यापासूनही जपून. परवान्यांच्या त्या काळात जो पुरवठादार माल देईल त्याचा भाग गाडीवर लागे, त्यामुळे एकाच वर्षाच्या दोन गाड्यांवर दोन वेगळ्या बनावटीचे दिवे असणं अशक्य नाही. तुमच्या गाडीवरचा पुरावा आणि इतरांची आठवण यांत भांडण झालं तर गाडीचं ऐका.

नाना पेठेत जाताना भाग हातात घेऊन जा, फोटो घेऊन नको. जुन्या दुकानदाराला विचारलं 'याच्या जागी काय बसेल?' तर तो आज मिळणारी वस्तू देईल. 'गाडी नवीन असताना इथे कुठल्या कंपनीचं यायचं?' असं विचारलं तर गल्ल्यावरचे आजोबा मान वर करतील. डब्यावर कंपनीचं नाव असलेला अस्सल सुटा भाग वेगळा आणि गाडीवर त्या वर्षी आलेला भाग वेगळा, हा फरक त्यांना बरोबर कळतो. रविवारी-बुधवारी जुन्या बाजारात मीटर, हॉर्न, जॅक, टॉमी, व्हीलकप मिळून जातात. मात्र वही पूर्ण होण्याआधी तिथे गेलात तर सुंदर आणि चुकीच्या वस्तू घेऊन घरी याल.

वही

प्रत्येक भागाला एक ओळ. भागाचं नाव, अंगावरच्या खुणा जशाच्या तशा, पुरावा कुठला, आणि निर्णय: पक्कं, बहुतेक, किंवा ठरलं नाही. 'ठरलं नाही' हा रकाना रिकामा ठेवायची घाई करू नका, तो मोठाच निघतो. जे ठरलं नाही ते बदलायचं नाही, एवढं पाळलं की निम्मं नुकसान टळतं.

गाडी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी असेल तर याला सरकारी बाजूही आहे. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदणीसाठी गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी लागते. चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, नव्या नोंदणीला व्हीए मालिकेतला नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी. पुनर्नोंदणीची ५,००० रुपये. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. तेव्हा रविवारी सकाळी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जायचं स्वप्न असेल तर नोंदणीचा प्रकार आधी ठरवा. हा मार्ग घेणार असाल तर डिस्क ब्रेकचं काय, बदललेल्या इंजिनाचं काय, हे डेंटर येण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

नंतरच गाडी उघडायची. वायरिंग कापून काढू नका, कनेक्टर सोडवून अखंड काढा. सडलेलं असलं तरी नवं बनवणाऱ्याला लांबी आणि फाटे त्यावरूनच कळतात. प्रत्येक जागेचे स्क्रू वेगळ्या पिशवीत, पिशवीवर वहीतला क्रमांक. 'नंतरचं' ठरलेलं सामानही गाडी रस्त्यावर येईपर्यंत माळ्यावर राहू द्या. वहीची एक झेरॉक्स डेंटरला द्या, एक पेंटरला, कुशनवाल्याला त्याच्या कामाची पानं तेवढी. मूळ वही गॅरेजमध्ये नेऊ नका.